अर्ध्या थेंबाची करामत

वही-पेन्सिल घ्या. पुढचं वाचण्याआधी एक गणित करू.

टोमॅटोचे क्रेट भरलेली एक डिझेल पिकअप हायवेवरून ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. एका लिटरमध्ये ती १२ किलोमीटर जाते. मग तासाला डिझेल किती लागलं? पाच लिटर. शाब्बास! आता तिचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय असं धरा. इंजिनात सिलिंडर चार, आणि प्रत्येक सिलिंडरला दर दोन फेऱ्यांमागे एकदा डिझेल द्यावं लागतं. म्हणजे एका सिलिंडरला मिनिटात १००० वेळा, चौघांना मिळून ४००० वेळा आणि तासाभरात २ लाख ४० हजार वेळा! पाच लिटर डिझेलचे एवढे सगळे वाटे करा बघू. एकेका वाट्याला येतात जेमतेम २१ घनमिलिमीटर.

औषधाच्या ड्रॉपरमधून पाण्याचा एक थेंब पाडला, तर तो साधारण ५० घनमिलिमीटरचा असतो. म्हणजे टनभर टोमॅटो, ड्रायव्हर आणि सगळी गाडी पुढे ढकलणारा एकेक धक्का अर्ध्या थेंबाहून कमी डिझेलमधून निघतो!

हा अर्धा थेंब मोजणारा, कापणारा आणि नेमक्या क्षणी फवारणारा जो कारागीर इंजिनाच्या डोक्यात उभा असतो, त्याचं नाव इंजेक्टर. ड्रायव्हर मंडळी त्याला सरळ ‘नोझल’ म्हणतात. बोटाएवढ्या जाडीचा आणि वीतभर लांबीचा हा पोलादी तुकडा मला सगळ्या गाडीत सगळ्यात आवडतो. तो बिघडला की काय होतं आणि तो बदलतात कसा, ते आज बघायचंय. पण त्याआधी त्याच्याकडे एवढं नाजूक काम का दिलंय, ते बघू.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. मग आग लावतं कोण? हवा! सायकलचा पंप घ्या, त्याच्या तोंडावर बोट घट्ट दाबून धरा आणि दांडा जोरजोरात दाबत राहा. पंपाची नळी खालच्या बाजूला गरम लागेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात पिस्टन वर येताना हवेला सोळा-सतरा पट लहान जागेत कोंबतो. तेवढ्यात ती हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. डिझेलला पेट घ्यायला याच्या निम्मीही उष्णता पुरते. ते त्या हवेत शिरलं की आपोआप पेटतं.

आता गंमत अशी, की डिझेल आत शिरल्या शिरल्या पेटणार असेल, तर ते कधी शिरतं यालाच सगळं महत्त्व आलं. लवकर शिरलं तर वर येणाऱ्या पिस्टनला उलटा धक्का बसेल. उशिरा शिरलं तर अर्धवट जळून काळा धूर होईल. ठिणगीने जे वेळेचं भान ठेवायचं, ते इथे इंजेक्टर ठेवतो. फवारायला त्याला वेळ मिळतो तो एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा. तुमची पापणी एकदा लवते ना, तेवढ्यात एकेका इंजेक्टरचे दोन-तीन फवारे मारून झालेले असतात.

आणि अर्धा थेंब नुसता सोडून भागत नाही. थेंब जळतो तो बाहेरून, जिथे हवा त्याला भेटते तिथे. अख्खा थेंब आत पडला तर त्याची साल जळेल आणि पोट कच्चं राहील. म्हणून त्याचा चुरा करायचा. पुन्हा पेन्सिल उचला, कारण हे गणित मला फार सुंदर वाटतं. २० घनमिलिमीटरच्या एका गोल थेंबाचा पृष्ठभाग साधारण ३६ चौरस मिलिमीटर भरतो. त्याच थेंबाचे १० मायक्रॉन जाडीचे थेंबुले केले (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर थेंबुले होतात जवळजवळ चार कोटी, आणि त्यांचा मिळून पृष्ठभाग होतो १२,००० चौरस मिलिमीटर. डिझेल तेवढंच, हवेला भेटायची जागा तीनशे पटींहून जास्त!

एवढा बारीक चुरा करायचा तर डिझेल केसाच्या दुप्पट जाडीच्या भोकांतून प्रचंड जोराने हाणावं लागतं. आजच्या पिकअपमध्ये हा दाब १६०० बारच्या आसपास जातो, काही गाड्यांत २००० च्याही पुढे. आपल्या अंगावर हवेचा रोज जो दाब असतो, तो एक बार. पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागा, पॅसिफिक महासागरातली मारियाना गर्ता, जवळजवळ ११ किलोमीटर खोल आहे. तिच्या तळाशी पाण्याचा दाब असतो साधारण ११०० बार. आणि आपल्या पिकअपच्या बॉनेटखाली, पेन्सिलएवढ्या जाडीच्या पोलादी नळीत, त्याहून जास्त!

हा अर्धा थेंब ज्यांनी पहिल्यांदा आत ढकलला, त्या रुडॉल्फ डिझेल यांना त्याने भरपूर छळलं होतं. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात १८९७ साली त्यांचं इंजिन व्यवस्थित चाललं खरं, पण त्यात इंधन आत फुंकायला दाबलेली हवा वापरली होती. ती हवा दाबायला आणखी एक दणदणीत यंत्र शेजारी उभं. कारखान्यात ठीक, जहाजात ठीक. गाडीत ठेवणार कुठे? १९१३ साली डिझेल बोटीने इंग्लंडला निघाले आणि वाटेत समुद्रात नाहीसे झाले. आपलं इंजिन रस्त्यावर धावताना त्यांना बघायला मिळालं नाही. १९२७ पासून जर्मनीतच रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीत छोटे, नेमके मोजणारे डिझेल पंप मोठ्या संख्येने बनू लागले, तेव्हा कुठे डिझेल इंजिन गाड्यांमध्ये सर्रास बसू लागलं.

आताची पद्धत त्यापेक्षा खूप नवी आहे. तिचं नाव ‘कॉमन रेल’. पंपाचं काम फक्त दाब तयार करायचं. ते दाबलेलं डिझेल एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरून ठेवायचं. चारही इंजेक्टर त्या रेलला जोडलेले. कोणी, कधी, किती उघडायचं ते गाडीतला छोटा कॉम्प्युटर सांगतो. जपानमध्ये १९९५ साली ही पद्धत ट्रकमध्ये आली, १९९७ साली इटलीच्या अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत आली, आणि आज आपल्या गावातून कांदे-टोमॅटो नेणाऱ्या पिकअपमध्येही तीच आहे. जुन्या ट्रकचा तो खडखडाट आठवतो? सगळं डिझेल एकदम पेटायचं म्हणून तो आवाज. नव्या पद्धतीत इंजेक्टर आधी एक-दोन घनमिलिमीटरचा चिमुकला फवारा मारतो, तो पेटून हवा आणखी तापते, मग मुख्य फवारा येतो. अर्ध्या थेंबाचेही पुन्हा दोन-तीन भाग! म्हणून नवी गाडी जुनीसारखी ठणठणत नाही.

आता इंजेक्टरच्या पोटात शिरू. आत एक पोलादी सुई असते. ती खाली टेकलेली असली की टोकाची भोकं बंद. केसाच्या दोन-तीन पट वर उचलली की फवारा सुरू. डोक्याशी एक विजेचं चुंबक. तुम्हाला वाटेल, चुंबक सुई उचलत असेल. पण १६०० बारने दाबून धरलेली सुई ओढायची ताकद त्या अंगठ्याएवढ्या चुंबकात कुठून येणार? इथे एक विलक्षण युक्ती केलेली आहे. समजा, एक दार दोन्ही बाजूंनी ढकललं जातंय. आतून पाच जण, बाहेरून चार जण. दार बंदच राहणार. तुम्ही एकटे काही बाहेरून दार उघडू शकत नाही. पण तुम्ही आतल्या दोघांना हाक मारून बाजूला बोलावलंत तर? बाहेरचे चौघेच दार उघडून देतील!

सुईचंही असंच आहे. डिझेलचा दाब तिच्या डोक्यावरही असतो आणि खालूनही. वरून दाबायला जागा जास्त, म्हणून ती मिटलेली राहते. डोक्यावरच्या त्या कोंडलेल्या डिझेलला बाहेर पडायला एक बारीक वाट आहे आणि त्या वाटेवर साधारण सव्वा मिलिमीटरची गोळी बसवलेली आहे. कॉम्प्युटरने वीज सोडली की चुंबक गोळीवरचा दाब काढून घेतं आणि वाट मोकळी होते. थोडं डिझेल निसटतं, डोक्यावरचा दाब उतरतो आणि खालचं डिझेलच सुईला वर उचलतं. वीज बंद झाली की गोळी बसते, दाब परत चढतो, सुई मिटते. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात. वर निसटलेलं डिझेल वाया जात नाही. एका बारीक नळीने ते टाकीकडे परत जातं. या परतीच्या डिझेलला गॅरेजमध्ये ‘रिटर्न’ म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा, आपल्या तपासाचा धागा तोच आहे.

आता एकदा शेवटचं गणित. ताशी ६० च्या वेगाला एक किलोमीटर जायला एक मिनिट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरचे १००० फवारे. पिकअप दोन लाख किलोमीटर चालली की एकेका इंजेक्टरचे फवारे झाले २० कोटी! प्रत्येक वेळी ती गोळी उठली आणि बसली. तिची बसायची जागा कधीतरी झिजणारच. त्यात डिझेलमध्ये पाणी किंवा बारीक धूळ आली तर झीज आणखी लवकर. सुई आणि तिच्या भोवतालची नळी यांच्यात फट असते दोन ते चार मायक्रॉनची. हवेत तरंगणारा, तुम्हाला दिसतही नाही असा धुळीचा कणही त्याहून जाड असू शकतो.

नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचं मोठं मार्केट भरतं. हंगामात तिथे पिकअपच्या रांगाच रांगा लागतात. तिथल्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये अशीच एक झिजलेली पिकअप आली होती, तिची हकिगत सांगतो.

“मिस्त्री, सकाळी चार-पाच सेल्फ मारल्यावर चालू होते,” ड्रायव्हर सांगत होता. “चढाला ओढत नाही, काळा धूर मारते. आणि मार्केटला माल उतरवून लगेच सेल्फ मारला, की नुसती घर्र घर्र. इंजिन गार होईपर्यंत जागची हलत नाही.”

मिस्त्रींनी लगेच पाना उचलला नाही. त्यांनी विचारलं, “गरम असतानाच चालू होत नाही ना? नक्की?”

हा प्रश्न किती हुशारीचा आहे बघा. गरम झालं की डिझेल पातळ होतं. पातळ डिझेल झिजलेल्या जागेतून जास्त निसटतं. सेल्फ मारताना इंजिन हळू फिरतं, पंपही हळू फिरतो. तो रेलमध्ये दाब भरतोय आणि तिकडे एक इंजेक्टर गळतोय. ठरावीक दाब झाल्याशिवाय कॉम्प्युटर फवारा मारू देत नाही. मग गाडी चालू होणार कशी? पण मिस्त्रींचा हा अजून नुसता संशय होता. चौघांतला चोर कोण, ते ठरायचं होतं.

गॅरेजमध्ये आयटीआयला ‘मेकॅनिक डिझेल’ शिकणारी एक मुलगी कामाला यायची. तिने चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढल्या आणि त्या जागी चार पारदर्शक नळ्या जोडून चार सारख्या बाटल्यांत सोडल्या. बाटल्यांवर मापाच्या रेघा. इंजिन आता गार होतं, त्यामुळे चार-पाच सेल्फमध्ये ते सुरू झालं आणि सगळे बाटल्यांकडे बघत बसले.

पहिल्या बाटलीत डिझेल टिपटिप पडत होतं. दुसरीत तसंच. चौथीत तसंच. तिसरीत मात्र सुतासारखी धार! बाकीच्यांचा तळ जेमतेम झाकला गेला, तोवर तिसरी अर्ध्यावर आली. ना स्फोट, ना ठिणग्या, ना महागडं यंत्र. चार बाटल्या आणि थोडा धीर. मला हा प्रयोग विज्ञानाच्या कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत शोभेल असा वाटतो. चौघांना सारखी परिस्थिती द्यायची आणि वेगळा कोण वागतो ते बघायचं.

“काका, चारही बदलायचे?” मुलीने विचारलं.

“कशाला? तिघांचं रिटर्न बरोबर आहे. ज्याची चूक त्यालाच काढायचं.”

एक इंजेक्टर हजारो रुपयांना पडतो. न तपासता चारही बदला म्हणून सांगणारे लोक असतात. आधी मोजणारे मिस्त्री मिळाले तर ड्रायव्हरने त्यांचा पत्ता जपून ठेवावा!

काम लगेच सुरू झालं नाही. इंजिन पुरतं गार होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. रेलमधला दाब उतरायला वेळ द्यावा लागतो. आणि इथे तुम्हाला मी अगदी गंभीरपणे एक गोष्ट सांगणार आहे. चालू इंजिनात डिझेलची नळी कुठे गळतेय ते हात लावून कधीही, कधीही बघायचं नाही. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीतून सरळ आत घुसते. वरून दिसतो फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका. सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत मात्र डिझेल मांस खराब करत जातं. असं झालं तर घरी थांबायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. घरात कुणी गाडीवर काम करत असेल, तर त्यांनाही हे सांगा.

“आता पाइप सोडू?”

“आधी हवा मार. सगळीकडून.”

कॉम्प्रेसरच्या हवेने मुलीने इंजेक्टरभोवतीची धूळ उडवली, मग स्वच्छ कापडाने पुसलं, मग पुन्हा हवा मारली. तुम्ही गॅरेज पाहिलंच असेल. जमिनीवर काळं ऑइल, कपड्यांवर डाग. पण डिझेलची नळी उघडताना त्याच गॅरेजमध्ये कमालीची स्वच्छता पाळावी लागते. आत चार मायक्रॉनची फट आहे हे विसरून चालत नाही. विजेचा प्लग काढला, रिटर्नची क्लिप काढली, जाड पोलादी नळीचे नट दोन्ही टोकांना सोडवले. नळी निघाली त्याच क्षणी रेलच्या आणि इंजेक्टरच्या तोंडावर प्लास्टिकची टोपणं बसली. पोलादी नळी उचलून बाजूला ठेवली. तिच्या जागी नवीन घालायची, असं मिस्त्री म्हणाले. एकदा दाबून बसलेलं तिचं टोक दुसऱ्या इंजेक्टरवर तसंच घट्ट बसेल याची खात्री नसते.

इंजेक्टरला इंजिनाच्या हेडवर दाबून धरणारा क्लॅम्प असतो. त्याचा बोल्ट सुटला. इंजेक्टर मात्र हलेना! वर्षानुवर्षं तळाशी जळकट कार्बन जमून तो जाम झाला होता. मुलीला घाई झाली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मिस्त्रींनी गंज सोडवणारं तेल फवारलं आणि ते चहाला निघून गेले. ताकद लावली तर इंजेक्टर तुटेल आणि मग हेडच उतरवावं लागेल, त्यापेक्षा तेलाला मुरू द्यावं. परत आल्यावर त्यांनी पान्याने इंजेक्टर किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे असा फिरवत ठेवला. कर्रर्र आवाज झाला. मग वर वजन सरकवून ठोकायचा ओढणीचा दांडा लावला, दोन-तीन ठोके दिले, आणि तो निघाला. काळाकुट्ट.

मिस्त्रींनी लगेच त्याचं टोक बघितलं. “वॉशर कुठाय?”

इंजेक्टरच्या टोकाशी तांब्याचा एक चपटा वॉशर असतो. तो आतली जळती हवा बाहेर येऊ देत नाही. शिवाय त्याच्या जाडीवर इंजेक्टरचं टोक आत किती डोकावतं ते ठरतं, म्हणजे फवारा पिस्टनच्या खोलगटात नेमका पडतो की नाही तेही ठरतं. हा वॉशर इंजेक्टरसोबत वर आलाच नव्हता. खाली भोकाच्या तळाशी चिकटून बसला होता. तसाच राहिला असता आणि वर नव्याचा वॉशर पडला असता, तर एकावर एक दोन झाले असते. फवारा वर सरकला असता, आणि बाजूने जळकी हवा ‘चफ चफ चफ’ करत बाहेर आली असती.

मुलगी चुंबकाची काडी घेऊन धावली. तुम्हीही तेच केलं असतं ना? पण थांबा. तांबं चुंबकाला चिकटतं का? तिच्याही लक्षात आलं आणि तीच हसली. शेवटी टोकाला बारीक आकडा असलेल्या तारेने वॉशर उचकटून वर काढला. मग भोकाच्या अगदी तळाशी, जिथून टोक सिलिंडरमध्ये डोकावतं तिथे, ग्रीस लावलेला कापडाचा छोटा बोळा बसवला, म्हणजे वरचा कार्बन खरवडताना तो खाली सिलिंडरमध्ये पडणार नाही. गोल ब्रशने बैठक घासून तांबूस-काळी खपली निघेपर्यंत साफ केली. टॉर्चने आत बघितलं. बोळा काढला. पुन्हा बघितलं. या घासण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि इंजेक्टर बदलणं म्हणजे खरं काम तेवढंच आहे असं मला वाटतं. बाकीचे नट काय, कोणीही सोडवील.

नवा इंजेक्टर पेटीतून निघाला. टोपणं अगदी शेवटच्या क्षणी काढली. नवा वॉशर, जुन्याच्याच जाडीचा, मापून. इंजेक्टर हाताने आत सरकवला, क्लॅम्प बसवला आणि बोल्ट टॉर्क पान्याने आवळला. हा पाना ठरलेला जोर झाला की ‘कट्’ असा आवाज करतो. जास्त आवळलं तर इंजेक्टरचं अंग अगदी किंचित वाकतं, आणि दोन-चार मायक्रॉनच्या फटीतली सुई अडकायला तेवढं पुष्कळ झालं.

मग नवी पोलादी नळी, रिटर्न, प्लग आणि बॅटरी जोडली, आणि एक मजेशीर गोष्ट झाली. मुलीने इंजेक्टरच्या डोक्यावरची बारीक अक्षरं टॉर्चने वाचली आणि गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरमध्ये टाइप केली. काही इंग्रजी अक्षरं, काही आकडे. हे कशासाठी? कारखान्यात एकाच दिवशी, एकाच यंत्रावर बनलेले दोन इंजेक्टरही तंतोतंत सारखे नसतात. एक किंचित जास्त सोडतो, एक किंचित उशिरा उघडतो. म्हणून प्रत्येकाला वेगवेगळ्या दाबांवर चालवून बघतात आणि त्याची खोड कोडमध्ये लिहून ठेवतात. कॉमन रेलच्या बऱ्याच गाड्यांत तो कोड कॉम्प्युटरला सांगावा लागतो. मग कॉम्प्युटर म्हणतो, “बरं, तू जरा आळशी आहेस तर! तुला मी थोडा वेळ जास्त उघडा ठेवतो.” (हे वाक्य माझं, पण गणित त्याचं खरोखर असंच असतं.)

नळ्यांमध्ये आता हवा शिरली होती. डिझेल दाबलं तर दाब चढतो. हवा दाबली तर ती नुसती आकसते. म्हणून आधी हवा काढायची. डिझेल फिल्टरवरचा छोटा हातपंप मुलीने दाबायला घेतला. सुरुवातीला तो मऊ लागत होता, मग हळूहळू कडक झाला. त्याच वेळी फिल्टरच्या तळाचा नट सैल करून साठलेलं पाणी सोडलं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते खालीच बसतं. ड्रायव्हर जवळ उभा राहून बघत होता. वाटीत चक्क चमचाभर पाणी आलं!

“हे दर महिन्याला काढायचं, दादा,” मिस्त्री म्हणाले. “फिल्टर वेळेवर बदलला असता, तर हा अजून चालला असता.”

मग सेल्फ मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिनाने जोर धरला आणि ते चालू झालं. थोडा वेळ अडखळलं, उरलीसुरली हवा निघाली, मग एका लयीत टकटकू लागलं. नळ्यांच्या जोडांजवळ कोरडा पुठ्ठा लांबून धरून गळती बघितली. पुठ्ठा कोरडाच राहिला. स्कॅनरवर रेलचा दाब तीनशे बारच्या आसपास स्थिर दिसत होता. आणि शेजारी चार आकडे: कुठल्या सिलिंडरला कॉम्प्युटर किती डिझेल कमी-जास्त देतोय, त्याचे. इंजिनाच्या फिरत्या चाकावर दाते असतात. एकेक दाता पुढे सरकायला किती वेळ लागला, ते बघून कॉम्प्युटरला कळतं की आत्ता कुठल्या सिलिंडरचा धक्का दुबळा पडला. तो लगेच पुढच्या वेळी भर घालतो. सकाळी तिसऱ्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांहून फार लांब गेलेला होता. आता चारही शून्याच्या आसपास घुटमळत होते.

पिकअप गरम होईपर्यंत एक चक्कर मारून आणली. गरम इंजिन बंद केलं आणि पुन्हा चावी फिरवली. खरी परीक्षा हीच होती. पहिल्या सेल्फला चालू!

जुना इंजेक्टर फेकला नाही. तो नाशिकच्या डिझेल लॅबमध्ये जाणार होता. तिथे त्याला उघडतात, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या टबात धुतात, झिजलेली गोळी आणि तिची बैठक बदलतात आणि पुन्हा मोजणीच्या यंत्रावर चढवतात. जमलं तर तो दुसऱ्या एखाद्या गाडीत वर्षानुवर्षं फवारत राहतो. नाशिकशी या वस्तूचं नातं जुनं आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बॉश कंपनीच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनतात. या कंपनीचं भारतातलं जुनं नाव मायको. नाशिकला गेलात तर ‘मायको सर्कल’ नावाचा चौक लागेल, तो त्यावरूनच.

केसाच्या दुप्पट जाडीचं भोक कडक पोलादात पाडतात कसं, हा प्रश्न तुमच्या डोक्यात केव्हाच आला असेल. अशी भोकं पाडताना ड्रिल सहसा वापरत नाहीत. एका बारीक तारेतून विजेच्या ठिणग्या सोडतात. प्रत्येक ठिणगी पोलादाचा अगदी सूक्ष्म कण उडवते आणि तार हळूहळू आत सरकते. मग भोकांतून बारीक कण मिसळलेला द्रव जोराने सोडून आतल्या कडा गुळगुळीत करतात. कड खडबडीत राहिली तर फवारा फाटतो.

तुमच्या गावात डिझेल गाड्यांचं गॅरेज असेल, तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन जा आणि मिस्त्रींकडे एखादं निकामी नोझल मागा. भंगारात पडलेलं असतंच. साबणाच्या पाण्याने धुवा, जुन्या टूथब्रशने टोक घासा आणि भिंग घेऊन उन्हात बसा. टोकाच्या बोंडाभोवती भोकांचं एक कडं दिसेल. नुसत्या डोळ्यांना ते दिसणं कठीण. एका भोकाशेजारी पेन्सिलीने खूण करा आणि तिथून मोजायला लागा. बहुतेक आकडा पाच ते आठच्या दरम्यान येईल. एखादं सापडत नसेल तर नोझल जरा तिरकं धरा, आत अजून काजळी असेल.